पौर्णिमा, अमावास्या आणि ग्रहण



7 सप्टेंबर 2025 च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. आम्ही कर्जतजवळ दहिवलीला पाहुण्यांकडे होतो. सातवीतल्या पोराने विचारले, "काका, पृथ्वीची सावली रोज थोडी थोडी पडते म्हणूनच चंद्र लहान होतो ना?"

तसे नव्हे. त्याला कंदिलासमोर उभा केला, हातात चेंडू दिला. कंदील सूर्य, पोराचे डोके पृथ्वी, चेंडू चंद्र. हात लांब करून जागच्या जागी फिरायचे. चेंडूचा अर्धा भाग कायम उजळलेलाच. त्यातला आपल्याला किती दिसतो तेवढे बदलते. तोंड कंदिलाकडे असताना उजळ बाजू पलीकडे, ती अमावास्या. पाठ केली की पौर्णिमा. पण चेंडू डोक्याच्या सावलीत गेला! हेच चंद्रग्रहण. हात जरा वर धरला की सावली चुकते. चंद्राची वाट सुमारे 5 अंश कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण नाही. सूर्याची नि चंद्राची वाट छेदते ते दोन बिंदू म्हणजेच पंचांगातले राहू-केतू. अमावास्येला चंद्र आड येतो ते सूर्यग्रहण. ते मात्र उघड्या डोळ्यांनी पाहू नये.

सावलीने उसाचे डोळे मरत नाहीत. तोडलेले बेणे ग्रहणापायी पडून राहिले तर वाळते, उगवण घटते ती त्यामुळे.

घरातली सून पोटुशी. दुपारपासून पाण्याचा घोट नाही. पोराने चेंडू आजीच्या हातात दिला. आजी दोनदा फिरली, आणि तांब्या सुनेपुढे सरकवला.