गुलमर्गचा आजचा बर्फ

गुलमर्गमध्ये हिवाळ्यात बर्फाची नोंद सकाळी साडेआठला होते. आदल्या दिवशीच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत, असे चोवीस तास धरायचे. महाबळेश्वरच्या पावसाचा आकडाही भारतीय हवामानशास्त्र विभाग याच घड्याळावर देतो. स्कीइंगच्या दैनंदिन अहवालात नव्या बर्फाचा आकडा सर्वांत वर असतो आणि हौशी पर्यटक बहुधा तेवढाच वाचून पुढे जातो. उतारावर जाणाऱ्याला मात्र त्यातून अर्धेच कळते. बर्फ कोणत्या उंचीवर पडला, किती थंडीत पडला, पडताना वारा कुठून होता आणि मुख्य म्हणजे कशावर पडला, हे ठाऊक नसेल तर ‘तीस सेंटिमीटर’ या शब्दांना फारसा अर्थ नाही.

स्की-केंद्रांवर ताजा बर्फ मोजण्याची रूढ रीत साधी आहे, पण तिला शिस्त लागते. सुमारे ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीची पांढरी फळी जुन्या बर्फावर सपाट बसवतात. पांढरी अशासाठी, की गडद फळी उन्हाने तापते आणि बर्फ खालून वितळवते. सकाळी फळीवर साचलेल्या बर्फात पट्टी उभी खुपसून आकडा वाचायचा, फळी पुसायची आणि नव्या थरावर पुन्हा ठेवायची. जागा वाऱ्याच्या आडोशाची हवी, नाहीतर वारा बर्फ उडवून नेतो किंवा भलतीकडचा आणून टाकतो. एकूण जाडी वेगळी, जमिनीत कायम रोवलेल्या खांबावर वाचली जाते. रोजच्या आकड्यांची बेरीज या जाडीशी कधी जुळत नाही, आणि त्यात मोजणाऱ्याची चूक नसते. डब्यात भरलेले पोहे डबा आपटला की खाली बसतात, तसा बर्फही स्वतःच्या वजनाने बसतो. तीन दिवस वीस-वीस सेंटिमीटर पडलेला बर्फ चौथ्या दिवशी साठ भरत नाही.

पावसाच्या हिशेबात सांगायचे तर एक सेंटिमीटर पाण्याचा साधारण दहा सेंटिमीटर बर्फ होतो. कडक थंडीत पडलेला कोरडा बर्फ त्याच पाण्याचा पंधरा-वीस सेंटिमीटरही भरतो. शून्याच्या आसपास पडलेला ओला बर्फ दहाहूनही कमी भरतो, पण जड असतो. कोरडा, भुरभुरीत बर्फ ही स्कीवाल्यांची आवडती गोष्ट. त्यात गुडघाभर बुडूनही स्की तरंगल्यासारखी सरकते. ओल्या बर्फात तीच स्की रुतते आणि वळताना गुडघ्यावर ताण येतो. म्हणून नीट अहवालात सेंटिमीटरच्या शेजारी तापमान असते.

गुलमर्गसाठी एक तापमान पुरत नाही. पीर पंजाल रांगेतले हे गवताळ पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथून गंडोला या केबल कारचा पहिला टप्पा कोंगदूरीला, म्हणजे साधारण ३,१०० मीटरवर नेतो. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. तो अफरवट पर्वताच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर सोडतो. दर हजार मीटर चढले की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे खालच्या हॉटेलांपाशी थर्मामीटर एक अंश दाखवत असताना वर उणे सात असू शकते. खाली भिजका बर्फ किंवा चक्क पाऊस, आणि वर त्याच ढगातून कोरडी भुकटी, असे दिवस गुलमर्गमध्ये येतात. फक्त पठारावरचा आकडा पाहून वरच्या टप्प्याबद्दल ठरवणे म्हणूनच फसवे.

हा बर्फ आणणारे ढग आपल्या मोसमी पावसाचे नव्हेत. भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी झंझावात निघतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडून काश्मीरवर येतात आणि पीर पंजालला अडून रिते होतात. काश्मिरी लोकांनी हिवाळ्याचे केलेले भाग स्कीइंगलाही चपखल बसतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, मग वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ टिकतो, कारण तो वितळवण्याइतकी ऊब हवेत नसते. पुढच्या दिवसांतला बर्फ मोठा असला तरी उन्हापुढे लवकर हार मानतो. गुलमर्ग साधारण ३४ अंश अक्षांशावर आहे, आल्प्स त्याच्या बरेच उत्तरेला. त्यामुळे काश्मीरचे ऊन बर्फाला जास्त झोंबते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर एका दिवसाच्या उन्हाने पापुद्रा धरतो, तर झाडांच्या सावलीतला उत्तरेकडचा बर्फ आठवडाभर मऊ राहतो.

यानंतर वारा, आणि अहवालातली ही सर्वांत दुर्लक्षित ओळ. वारा ज्या बाजूने येतो तिकडचा बर्फ खरवडतो आणि कड्यापलीकडच्या आडोशाला नेऊन टाकतो. आभाळातून तीस सेंटिमीटर पडला असेल, तरी आडोशाच्या घळीत एका रात्रीत त्याच्या कितीतरी पट साचतो. उडताना बर्फाच्या चांदण्यांचे हात मोडतात, बारीक तुकडे एकमेकांत घट्ट बसतात आणि एकसंध लादी तयार होते. लादी जिथे असते तिथे धोका असतो.

तो धोका समजायला बर्फ कापून पाहावा लागतो. नोव्हेंबरमध्ये थोडासा बर्फ पडतो आणि मग आठवडेच्या आठवडे आकाश निरभ्र राहते. खालची जमीन शून्याच्या आसपास, वरची हवा उणे दहा-पंधरा. पातळ थरात एवढा फरक पडला की बर्फातली वाफ खालून वर सरकते आणि कणांचा आकारच बदलतो. मुठीत धरले तर हे कण जाड साखरेसारखे बोटांतून घरंगळतात. कितीही दाबा, त्यांचा गोळा होत नाही. अशा साखरेवर जानेवारीतली जड लादी बसते. जाणकार उतारावर खड्डा खणतात, ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा बर्फाचा खांब सुटा कापतात आणि त्यावर फावड्याचे पाते आडवे ठेवून हाताने थापटतात: दहा वेळा मनगटापासून, दहा वेळा कोपरापासून, दहा वेळा खांद्यापासून. दुसऱ्या-तिसऱ्या थापेलाच वरची लादी ड्रॉवर उघडावा तशी सुळकन पुढे आली, तर तो उतार त्या दिवशी सोडून द्यायचा. वर पडलेला बर्फ कितीही देखणा असो.

हिमस्खलनाचा धोका एक ते पाच अशा पायऱ्यांत सांगतात. काश्मीरसाठी हा इशारा संरक्षण संशोधन व विकास संस्थेची शाखा देते. पूर्वीची चंडीगडची हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था आता त्या शाखेत विलीन झाली आहे. या पायऱ्यांमध्ये ‘तीन’ हा मधला आकडा सर्वांत जास्त गैरसमजाचा आहे. पाच म्हटले की लोक घरी बसतात. तीन म्हटले की ‘मध्यम असेल’ असे समजून निघतात. प्रत्यक्षात तीनचा अर्थ असा, की तीव्र उतारावर एका माणसाच्या वजनानेही लादी सुटू शकते. लाद्या सहसा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि मुरलेल्या स्कीवाल्याला हवा असतो तो नेमका हाच उतार.

गुलमर्गने याची मोठी किंमत मोजली आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गच्या वर खिलनमर्गजवळ लष्कराच्या उंच प्रदेशातील युद्धशाळेचे १७ जवान हिमस्खलनात गेले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्कीपटू मरण पावला. गंडोलाखालचा मुख्य उतार गस्तीपथक तपासते आणि गरज पडल्यास स्फोट करून सैल बर्फ आधीच पाडते. त्या हद्दीबाहेर कोणी तपासत नाही. तिकडे जाणाऱ्याजवळ गाडले गेल्यास जागा कळवणारे संदेश-यंत्र, लांब शोधकाठी आणि फावडे हवेच, आणि हे तिन्ही वापरणारा जोडीदारही हवा. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची खरी आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते. तेवढ्यात खालून मदत पोचत नाही.

शिकाऊ माणसाला यातले बरेच लागत नाही. पठारावरचे उतार सौम्य आहेत. पर्यटन मंत्रालयाच्या स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेचे वर्गही गुलमर्गमध्येच चालतात. शिकणाऱ्याने दोनच गोष्टी बघाव्यात: रात्री पृष्ठभाग गोठून कडक झाला आहे का, आणि प्रकाश कसा आहे. आभाळ भरून आले की पांढऱ्यावर पांढरे दिसते, सावल्या पुसल्या जातात आणि पुढचा खड्डा की उंचवटा हे डोळ्यांना कळत नाही. गंडोलाचा वरचा टप्पा वाऱ्यामुळे किंवा स्खलनाच्या धोक्यामुळे बंद राहणे नेहमीचे आहे. मोठ्या बर्फवृष्टीनंतर तो एक-दोन दिवस उघडत नाही, तेव्हा तिकीट हातात असलेल्यांची चिडचिड होते. त्या एक-दोन दिवसांत डोंगरावर लादी बसत असते आणि गस्तीपथक काम करत असते.

मार्चमध्ये अहवाल तासागणिक बदलतो. पहाटे बर्फ काचेसारखा, अकराच्या सुमारास वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटून मोकळे दाणे होतात आणि स्की सुरेख चालते. दुपारी त्याचाच चिखल होतो आणि ओली स्खलने सुरू होतात. त्यामुळे लवकर निघून जेवायच्या वेळेला खाली, हा या दिवसांचा नेम.

आणि काही वर्षी अहवालात लिहायलाच काही नसते. जानेवारी २०२४ च्या पूर्वार्धात गुलमर्गचे पठार तपकिरी पडले होते. बर्फ महिन्याच्या अखेरीस आला. २०२५ मध्ये गुलमर्गमधल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी क्रीडास्पर्धा फेब्रुवारीत व्हायच्या होत्या, त्या बर्फाअभावी पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला घ्याव्या लागल्या. घोडेवाले, स्लेजवाले, स्की भाड्याने देणारे आणि वाटाडे यांचे वर्षाचे पोट या दोन-तीन महिन्यांवर असते. त्यांच्या दृष्टीने कोरडा चिल्लई कलान म्हणजे आपल्याकडचा कोरडा आषाढच.

महाराष्ट्रातून जाणाऱ्याने अहवालाची शेवटची ओळ, रस्त्याची, आधी वाचावी. श्रीनगरहून टंगमर्गपर्यंत साधी गाडी येते. पुढचा सुमारे १३ किलोमीटरचा घाट ताज्या बर्फात फक्त चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांना खुला असतो. वर चाळीस सेंटिमीटर नवा बर्फ पडल्याची बातमी आली, की टंगमर्गला गाडी बदलायला दोन-तीन तास हाताशी ठेवून निघावे.