डोळ्यांवरची पट्टी आणि नाकाजवळची फट

डोळ्यांवर पट्टी बांधून मूल पुस्तक वाचतं, रंग ओळखतं. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’मुळे मध्यमेंदू जागा होतो आणि स्मरणशक्ती कैक पटींनी वाढते, असं सांगून आपल्याकडच्या शहरांत पालकांकडून हजारो रुपये घेतले गेले. मुळात मध्यमेंदू झोपलेला नसतोच. नजर वळवणं, उजेडात बाहुली आकसणं ही त्याची कामं जन्मापासून चालू असतात. तो खरोखर बंद पडला, तर माणूस शुद्धीवरच राहणार नाही.

मग मूल वाचतं कसं? पट्टी कितीही जाड असो, नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक फट राहते. हनुवटी किंचित उचलून मूल त्यातून खाली बघतं. कागद कपाळासमोर धरा किंवा हनुवटीखाली पुठ्ठा आडवा लावा, वाचन तिथेच थांबतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने आणि मंगळूरचे विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी अशा दाव्यांना जाहीर आव्हान दिलं. पैसे गेले याहून मला जास्त टोचतं ते हे, की दिसत असून दिसत नाही म्हणायला मुलं शिकतात.

‘आपण मेंदू दहाच टक्के वापरतो’ हेही खोटं. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. निकामी भाग शरीराने असा पोसला नसता.

जास्त पाठांतराने डोकं ‘भरतं’, ही भीतीही नको. मर्यादा आहे ती एका वेळी मनात धरण्याची. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती साधारण चार गोष्टींची मांडली. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर, पनवेल: नवख्याला ही दहा स्टेशनांची नावं एका दमात झेपत नाहीत. मुंबईच्या हार्बर लोकलच्या रोजच्या प्रवाशाला ती एकच ओळ असते. मेंदू दोघांचे सारखेच. फरक सरावाने जुळलेल्या दुव्यांचा.

हे दुवे पक्के कसे होतात, ते मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात दिसलं. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्याने मात्र एकदाच वाचून, मग न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री धडा पुन्हा वाचून ‘सगळं येतंय’ वाटतं, ते त्या पहिल्या पाच मिनिटांमुळे.