बाजारचे अंडे उबत का नाही?

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना लागणाऱ्या एका पाड्यावर आम्ही रेशनकार्डाच्या कामासाठी गेलो होतो. काम आटोपल्यावर एका आजींनी वेगळीच तक्रार मांडली. मुलाने जव्हारच्या बाजारातून पांढरी अंडी आणली होती. त्यांतली पाच आजींनी खुडूक कोंबडीखाली गावठी अंड्यांबरोबर ठेवली. २१ दिवसांनी गावठी अंड्यांतून पिल्ले निघाली, बाजारची पाचही तशीच राहिली. "दादा, ही अंडी खोटी," आजी म्हणाल्या. अंगणवाडीतले अंडेही असेच पांढरे, म्हणून नातवाने ते खायचे नाही असा त्यांनी हुकूमच काढला होता.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली. २०१५ साली अमृत आहार योजना आली आणि पुढे तिच्यात आदिवासी भागातील ७ महिने ते ६ वर्षांच्या बालकांना आठवड्यातून चार दिवस अंडे, अंडे न खाणाऱ्यास केळी, अशी सोय झाली. ते अंडे संशयापायी ताटातून गेले तर नुकसान पोराचेच.

आम्ही आजींना विचारले, तुमच्या कोंबडीमागे कोंबडा फिरतो ना? पोल्ट्रीत नुसत्या माद्या असतात. कोंबडा असो वा नसो, कोंबडी अंडे घालतेच. मात्र कोंबड्याशिवाय त्यात गर्भ धरत नाही. बाकी सारे तेच असते. (आपल्या वस्तीतल्या पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्या मायबहिणीही अंड्यात जीव असतो का, असे विचारतात. पोल्ट्रीच्या अंड्यापुरते त्यांनाही हेच उत्तर.)

आता हे 'बाकी सारे' म्हणजे काय? पिल्लू आत असते तोवर त्याला बाहेरून ऊब आणि हवा एवढेच मिळते. म्हणून शिदोरी आधीच बांधलेली असते. बलकात चरबी, प्रथिने, जीवनसत्त्वे. पांढऱ्यात पाणी, प्रथिने आणि जंतू मारणारे द्रव्यही. कवच खडूच्याच जातीचे. पिल्लाची हाडे त्यातल्या कॅल्शियमवर घडतात. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात, त्यांतून हवा खेळते. एका अंड्यातून मुलाला सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात.

ही शिदोरी फार जुनी आहे. पावसाळ्यात भातखाचरात बेडकाची अंडी दिसतात; पाणी आटले की ती सुकून मरतात. ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी काही प्राण्यांच्या अंड्यांत ओल धरून ठेवणारे पडदे तयार झाले. जणू डबकेच अंड्यात आले आणि जमिनीवर कोठेही अंडी घालता येऊ लागली. सापाचे अंडे अजूनही चामड्यासारखे मऊ असते. कडक कवचाची अंडी डायनोसॉरही घालत. शेजारच्या गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली येथे ती दगड होऊन सापडली आहेत. पक्षी डायनोसॉरांचेच वंशज. तेव्हा कोंबडी आधी की अंडे, या वादात अंडे कोट्यवधी वर्षांनी थोरले!

राहिला रंग. माळावर उघड्यावर अंडी घालणाऱ्या टिटवीची अंडी मातीसारखी ठिपक्यांची असतात, शत्रूला दिसू नयेत म्हणून. इथून दक्षिणेला तानसा अभयारण्यात २०१४ साली आढळलेला दुर्मीळ रानपिंगळा झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, ती पांढरीच असतात. अंधारात लपवायचे कोणापासून? कोंबडीत मात्र रंग जातीवर जातो, आणि रंगाने कस कमीजास्त होत नाही.

एवढे सांगूनही आजींचे समाधान होईना. शेजारणीची कोंबडी आठवडाभर रवणीवर होती. आम्ही अंधाऱ्या खोलीत तिच्याखालचे एक अंडे बॅटरीपुढे धरले. आत लाल शिरांचे जाळे दिसले. मग बाजारचे धरले, ते नितळ. आजींनी दोन्ही पुन्हा पुन्हा पाहिली.

"म्हणजे याला कोंबडा नव्हता, एवढंच ना?"

नितळ अंडे त्यांनी तिथेच चुलीवर उकडायला टाकले. नातवाने पांढरे खाल्ले आणि बलक कोंबडीपुढे भिरकावला. ते आता अंगणवाडीताईंनी बघावे.