वीज येते तरी कुठून?

‘अपारंपरिक ऊर्जास्रोत कोणते?’ असं विचारलं, की मुलं घडाघडा म्हणतात, सूर्य, वारा, बायोगॅस. पण ‘आपल्या पंख्याची वीज कुठून येते?’ म्हटलं, की बोट बटणाकडे जातं! वीज मुळात कशापासून तरी करावी लागते, हीच गोष्ट घोकंपट्टीत हरवते.

चंद्रपूरला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, ती टर्बाइनचं चाक फिरवते आणि वीज तयार होते. कोयनेला हेच चाक धरणाचं पाणी फिरवतं. वाफेचा जोर समजवायला कुकरची शिटी पुरते. कोळसा जळला की संपला. पाणी पावसाबरोबर पुन्हा येतं.

मग विजेचं बिल पुढ्यात घ्या. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं, की एक युनिट. दोन हजार वॅटचा गीझर ते अर्ध्या तासात खातो. नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्यावर शंभर तासांहून जास्त चालतो! हा हिशेब मुलांनाच करू द्या. मीटरचे आकडे रोज वहीत लिहायला लावलेत, तर तीच तुमच्या मागे लागतील, ‘आई, गीझर बंद कर!’ तेवढं सोसायचं.

सुट्टीत गच्चीवर सूर्यचूल मांडा. बाहेरून काळ्या रंगवलेल्या डब्यात भात शिजायला दोन-तीन तास लागतात, ढग आले तर आणखी. ‘मग रात्री काय?’ हे कुणीतरी विचारणारच. त्यावर खरं तेच सांगा: छतावरच्या सौर पॅनेलची जादा वीज दिवसा तारांत जाते, रात्रीची मात्र तारांतूनच घ्यावी लागते, आणि ती अजून बरीचशी कोळशाचीच असते.