राजधानी गेली, बिऱ्हाडही हलवावे?

दादरा व नगर हवेली आणि दमण-दीव हे केंद्रशासित प्रदेश २६ जानेवारी २०२० रोजी एक झाले आणि राजधानीचा मान दमणला मिळाला. सिल्व्हासातील मध्यमवर्गाला समुद्रकाठच्या बिऱ्हाडाचे वेध लागले असल्यास आम्हांस नवल वाटत नाही. १९५४ साली हवेली मुक्त झाली, तेव्हा दमणहून तेथे जाण्याचा हक्क मागत पोर्तुगाल १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते. आज हवेलीचाच माणूस दमणची वाट धरू पाहतो!

मोह खोटा नाही. मोठ्या कचेऱ्या तेथे, जांपोरचा वारा तेथे, हॉटेलांतील रोजगारही तेथेच. परंतु खाऱ्या हवेने लोखंड गंजते, आणि दारूबंदीच्या गुजरातेतून सुटीच्या दिवशी लोटणाऱ्या गर्दीत राहणे निराळे, चार घटका फिरायला जाणे निराळे. शिवाय सिल्व्हासाच्या कारखान्यात ज्याची नोकरी, त्याने वापीची वर्दळ रोज दोनदा का ओलांडावी? कचेरीतच ज्याचे काम, त्याने खुशाल जावे.

आम्हांस चिंता आहे ती खानवेलकडच्या वारली शेतकऱ्याची. त्याला बिऱ्हाड हलवायचे नाही. दाखला हवा आहे, आणि तो देणारा अधिकारी सिल्व्हासातच बसत राहिला पाहिजे.