चावरं पिल्लू

अधारताल, रानीताल, चेरीताल, हनुमानताल. जबलपूरच्या या वस्त्या मुळात तळ्यांच्या काठच्या. काही तळी अजून आहेत, बरीच बुजवली गेली; पण दिवड ही पाणसापाची जात काही शहर सोडून गेली नाही. उन्हाळा सरता सरता तिची अंडी फुटू लागतात आणि पाऊस लागला की पिल्लं नालीतून, न्हाणीच्या मोरीतून थेट घरात येतात. वीतभर लांबी, पेन्सिलीहून बारीक अंग. कुणी काठी पुढे केली की हे पिल्लू मान चपटी करतं, उसळी मारतं आणि समोर येईल त्याला चावतं. पसरलेली मान पाहून घरात ‘नाग, नाग’ असा ओरडा होतो आणि पुढच्या मिनिटाला चप्पल पडते. दिवड बिनविषारी आहे, हे तेव्हा ऐकायला कुणी थांबत नाही.

एवढ्याशा जिवात एवढा संताप येतो कुठून? संताप हा शब्द आपला. पिल्लाच्या बाजूने पाहिलं तर ती निव्वळ भीती आहे, आणि तिला शरीरशास्त्राचा पक्का आधार आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ हार्वे पॉ यांनी १९७०च्या दशकात गार्टर नावाच्या सापांना दमेपर्यंत पळवून पाहिलं. मोठे साप बराच वेळ तग धरत होते, नवजात पिल्लं मात्र काही मिनिटांतच गळून जात होती. लहानपणी रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमताच कमी असते. बगळा, घार, मुंगूस, मोठा बेडूक, सगळ्यांनाच हे पिल्लू खाद्य म्हणून चालतं. पळून जीव वाचणार नसेल, तर उरतं काय? तोंड उघडून अंगावर जाणं.

त्यात हवामानाचाही हात असतो. स्टीव्हन अर्नोल्ड आणि आल्बर्ट बेनेट यांनी १९८४ साली दाखवलं, की अंग गरम असलेला गार्टर साप पळ काढण्याकडे झुकतो. गारठलेला साप जागीच थांबून बचावाचा पवित्रा घेतो. साप बाहेरच्या उष्णतेवर जगणारा प्राणी. स्नायू थंड असले की पळ काढणं त्याला परवडत नाही. पावसाळी सकाळी गार फरशीवर सापडलेलं पिल्लू दुपारच्या पिल्लापेक्षा जास्त अडून बसलं, तर त्यात नवल नाही.

चावण्याच्या वेगाबद्दल बोलायचं तर आपल्या चपळाईचा भ्रम सोडून द्यावा. २०१६ साली डेव्हिड पेनिंग आणि सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्याने ‘टेक्सास रॅट स्नेक’ या बिनविषारी सापाचे फटके टिपले, तेव्हा ते विषारी व्हायपरांच्या तोडीचे निघाले. फटका साधारण सत्तर मिलिसेकंदांत लक्ष्यावर पोचतो. आपली पापणी मिटून उघडायला याहून जास्त वेळ लागतो.

हा चावरा स्वभाव बदलतो का? टेनेसी विद्यापीठात हॅरॉल्ड हर्झॉग आणि गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९८०च्या दशकात गार्टरच्या पिल्लांवर यासाठीच प्रयोग केले. समोर बोट स्थिर धरलं तर पिल्लं कमी फटके मारत, हलवलं तर जास्त. तेच भय रोज दाखवलं आणि त्यातून इजा काहीच झाली नाही, तर कित्येकांचे फटके कमी होत गेले. मात्र जातीजातीत फरक होता आणि पिल्लापिल्लांतही. काही उपजतच शांत, काही शेवटपर्यंत तापट. याला सवय म्हणावं, लळा म्हणू नये. साप मालकाला ओळखून लाडात येतो, या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

‘बॉल पायथन’ हा परदेशी अजगर पाळणाऱ्यांच्या उपयोगाचं ज्ञान ते हेच. नवं पिल्लू घरी आणल्यावर पहिला आठवडाभर त्याला हात लावू नये. लपायला जागा आणि पुरेशी ऊब द्यावी. खाणं झाल्यावर दोन दिवस उचलू नये, नाहीतर गिळलेलं बाहेर येतं. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, दिसणं मंदावतं. तेव्हाही छेडू नये. हात वरून आणायचा नाही, कारण शिकारी पक्षी वरूनच येतो. बाजूने, सावकाश, अंगाच्या मध्याखाली आधार द्यावा. मान आवळून धरणं हा तर सर्वांत वाईट प्रकार. अजगरवंशीयांच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, म्हणून उंदराचा वास लागलेला ऊबदार हात त्यांना सरळ भक्ष्य वाटतो. हात धुऊनच पेटी उघडावी आणि आधी गुळगुळीत काठीने अंगाला हलका स्पर्श करावा. ही जेवणाची वेळ नाही, हे पिल्लाला कळतं. चावलंच तर हात झटकू नये. दात मागे वळलेले असतात. झटक्याने आपली कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. हात किंचित त्याच्याच दिशेने ढकलला की पकड सुटते. मग साबण-पाण्याने जखम स्वच्छ धुवावी.

बॉल पायथनच्या मालकाला २०२४च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. देशी साप मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरात ठेवताच येत नाही, मग तो अंगणात सापडलेला का असेना. दिवडीच्या पिल्लाला ‘माणसाळवून’ बघण्याचा हौशी उद्योग हा गुन्हा तर आहेच, शिवाय पिल्लाच्याही मुळावर येणारा आहे. भीती गेलेला साप बाहेर फार दिवस टिकायचा नाही.

आणि सापडलेलं पिल्लू दिवडीचंच आहे, हे ठरवणार कोण? नागाचं पिल्लू अंड्यातून निघाल्यापासून फणा काढतं आणि विषही सोबत घेऊनच येतं. बिनविषारी कवड्या आणि जहाल मण्यार यांच्या पट्ट्यांत जाणकारही गफलत करतात. पिल्लांना विष आवरता येत नाही म्हणून ती मोठ्या सापांहून घातक, या समजाला आधार नाही. मोठ्याकडे विषाचा साठा कितीतरी अधिक असतो. पण ‘एवढंसं तर आहे’ म्हणून हातात घेणं त्याहून मोठा वेडेपणा. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावल्याचा अंदाज आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांत मध्य प्रदेश आहे.

तेव्हा मोरीत पिल्लू दिसलं तर मुलांना आणि कुत्र्याला बाजूला घ्या, दाराखालच्या फटी कापडाने बुजवा, लांबूनच त्याच्यावर नजर ठेवा आणि वनविभागाला किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवा. कुणाला चावलं तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक यात वेळ न घालवता १०८ला फोन करा आणि रुग्णाला न चालवता इस्पितळात न्या.