गावच्या इगर्जीतील सुरांची शाळा

जुन्या हिंदी चित्रपटगीतांना वाद्यवृंदाची जी भरदार साथ लाभली तिचे कौतुक आपण घरोघर करतो. परंतु व्हायोलिन वाजविणाऱ्यांचा तो ताफा मुळात आला कोठून, हे क्वचितच कोणी विचारतो. त्याचे उत्तर शोधावयाचे तर गोमंतकात, साष्टी-बार्देसच्या खेड्यांत, इगर्जीला लागून असलेल्या एका लहानशा शाळेत गेले पाहिजे. पोर्तुगीज भाषेत तिला ‘इश्कोला पारोकियाल’ म्हणत. गावच्या चर्चने चालविलेली ती प्राथमिक शाळा.

१५४५ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने या शाळा उघडविल्या. हेतू विद्यादानाचा जेवढा, त्याहून अधिक नव्या धर्माचा पाया पक्का करण्याचा होता. तिसवाडीतील देवळे १५४० मध्ये पाडली गेली आणि १५६० मध्ये कुशस्थळीच्या श्रीमंगेशाला नदीपलीकडे हलवावे लागले. हा इतिहास आपल्यापैकी अनेकांच्या कुळकथेतच आहे. तो झाकून या शाळेचे गोडवे गाणे बरे नव्हे. पण त्याच भिंतींच्या आत पुढे काय पिकले, तेही सांगितलेच पाहिजे.

मुलांना धर्माचे पाठ, वाचन-लेखन, थोडे गणित शिकवीत, आणि त्याच्या जोडीला संगीत. एकोणिसाव्या शतकात सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या तसतसे अक्षर-अंकांचे काम तिकडे सरकले. चर्चच्या शाळेकडे मुख्यतः संगीतच उरले. मास्तर म्हणजे ‘मेस्त्र’. इगर्जीतील गायनवृंद सांभाळणारा तोच, सणाच्या दिवशी रबेक, म्हणजे व्हायोलिन, हाती घेणारा तोच, आणि छडी उगारणारा तोही तोच! आपल्याकडच्या पंतोजींशी त्याचे नाते सांगावयाला नकोच.

सहासात वर्षांचे पोर शाळेत आले की त्याच्या हाती लगेच वाद्य पडत नसे. आधी सोल्फा. पाच रेघांवर मांडलेले स्वर नजरेने वाचावयाचे, हाताने ताल धरावयाचा आणि दो, रे, मी म्हणत ते गाऊन दाखवावयाचे. हे घोटवून घेण्यात महिनेच्या महिने जात. पोराला कंटाळा येई. पण मेस्त्राला घाई नसे. वाचन पक्के झाले म्हणजे मग रबेक. घरात कोंकणी, सरकारदरबारी पोर्तुगीज, आणि गावयाचे लॅटिनमध्ये. त्या लॅटिनचा अर्थ किती पोरांना उमगत असेल कोण जाणे! आपणही लहानपणी रामरक्षा अर्थ समजून थोडीच म्हटली? उपवासकाळातील मोतेत, फेस्ताआधीचे नोव्हेन, घरोघरची लादीन, अशा प्रसंगी ही मुले गात आणि वाजवीत. परीक्षा होई ती तेथे, साऱ्या गावासमोर.

याच काळात शेजारच्या हिंदू वाड्यावर शेणवीमामा मराठी अक्षरे गिरवून घेत होते आणि देवळातून भजन-कीर्तनाचे सूर उठत होते. दोन शाळांच्या मध्ये फार तर एक शेत. पण विद्या अगदी निराळी. तिकडे स्वर कानाने घ्यावयाचा, इकडे डोळ्यांनी.

या डोळ्यांच्या विद्येनेच गरीब घरच्या पोरांना पोटाला लावले. शेती तुटपुंजी, गावात नोकरी नाही. तेव्हा रबेक किंवा कर्णा घेऊन माणसे गोव्याबाहेर पडली. संस्थानिकांचे बँड, लष्करी बँड, आगबोटी, मूकपटांची थिएटरे, हॉटेले यांतून गोमंतकीय वादक दिसू लागले. संस्थानी शहरातील जुन्या मंडळींनी राजवाड्यावरच्या बँडच्या गोष्टी ऐकल्या असतील, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. चित्रपट बोलू लागला, आणि मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत त्यांची खरी गरज पडली. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती चाल पंचवीस-पन्नास वादकांनी एकाच वेळी, न चुकता वाजवावयाची तर ती कागदावर हवी आणि समोरच्याला तो कागद झटकन वाचता यावयास हवा. हे काम सेबास्टियन डिसोझा, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, हळदोण्याचे चिक चॉकलेट अशांनी केले. श्रेयनामावलीत मात्र त्यांचे नाव कधी ‘साहाय्यक’ म्हणून लागे, कधी लागतही नसे. ही कृपणता मला नेहमीच खटकत आली आहे.

१९५२ मध्ये आंतोनियो द फिगैरेदो यांनी गोव्यात ‘आकादेमिया द मूझिका’ ही संगीतशाळा काढली. पुढे मुक्तीनंतर, १९६१ पासून, शिक्षणाची चाकोरीच बदलली. इंग्रजी शाळा, शिकवण्या, परदेशच्या नोकऱ्या यांच्या ओढीत गावोगावची मेस्त्राची शाळा क्षीण होत गेली. फुकट मिळणारी विद्या आता बहुधा फी भरून घ्यावी लागते. ऐपत असलेल्याला त्याचे काही वाटत नाही. ज्याला वाटते, ते पोर रबेकीला हातही न लावता मोठे होते.

या परंपरेतले अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. जन्म १९२७ चा. वडील तेथल्याच इगर्जीत गायनवृंदाचे प्रमुख. पहिले धडे त्यांच्याच हाताखाली. मुंबईत ते नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे राहुल देव बर्मन आणि प्यारेलाल त्यांच्यापाशी शिकले. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालण्याचा त्यांना ध्यासच होता. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात तसा कार्यक्रम उभा केला. त्यात गायिका होत्या लता मंगेशकर. श्रीमंगेश नदीपलीकडे ज्या गावी गेला, त्याच मंगेशीत दीनानाथांचा जन्म झाला होता. त्यांची कन्या आणि इगर्जीच्या मेस्त्राचा मुलगा एका मंचावर उभे राहिले. मला तर या साऱ्या कथेत ही एक संध्याकाळ सर्वांत मोलाची वाटते.

साठीच्या दशकात गोन्साल्विस अमेरिकेला गेले. परतल्यावर चित्रपटांकडे न वळता ते माजोर्ड्यात राहिले. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ आला, आणि त्यातील गाण्यामुळे त्यांचे नाव देशभर पोराटोरांच्या तोंडी झाले. ते गाणे बांधणाऱ्या जोडीतले प्यारेलाल हे त्यांचेच शिष्य. गुरूची ती आठवण होती. ऐकणाऱ्यांना मात्र या नावाचा खराखुरा माणूस गोव्यात राहतो, याची कल्पनाही नव्हती. २०१२ मध्ये ते वारले.